वारा पडलाय, तरी पोरगं लाटेवर सुसाट कसं? मंद वाऱ्यातल्या विंडसर्फिंगचं गणित

साताऱ्याच्या माणसाला वाऱ्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. रहिमतपूरहून साताऱ्याला जाऊन पुढे ठोसेघर-चाळकेवाडीचा रस्ता धरला, की पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. वारा पडला की पाती थांबतात, एवढं साधं ते गणित. मग विंडसर्फिंगच्या रील्समध्ये वारा जेमतेम असताना एखादा खेळाडू शीड धरून लाटेवरून सुसाट कसा जातो?

थोडक्यात उत्तर असं: तेव्हा त्याचं इंजिन वारा नसतो, लाट असते.

आधी खेळ समजून घेऊ

विंडसर्फिंग म्हणजे सर्फबोर्डवर शीड. हे शीड बोर्डाला अशा सांध्याने जोडलेलं असतं की ते कुठल्याही दिशेला झुकवता येतं. सुकाणू नसतं, शीड पुढे-मागे कलवून आणि पायांनी बोर्ड दाबून दिशा बदलतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी या खेळाला आजचं रूप दिलं. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे. आपल्याकडे २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इबाद अलीने यात भारतासाठी कांस्यपदक जिंकलं. पण ती शर्यत असते. लाटांवरचं विंडसर्फिंग हा वेगळाच प्रकार आहे.

वारा नसताना लाट येते कुठून?

कोकणच्या किनाऱ्यावर आदळणारी प्रत्येक लाट तिथल्या वाऱ्याने तयार झालेली नसते. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरवर वादळ होतं, तिथे उठलेल्या लाटा काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आकाश स्वच्छ, वारा शांत आणि समुद्र मात्र खवळलेला, असं होऊ शकतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे देते.

वारा निम्मा, जोर पाव

शिडावर पडणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारा निम्मा झाला की जोर निम्मा नाही, पाव होतो. म्हणून मंद वाऱ्यात बोर्ड पाण्यावर घसरत नाही, पाणी कापत रेंगाळतो. लाट पकडली की चित्र बदलतं. लाटेचा पुढचा भाग म्हणजे उतार. सायकल उतारावर सोडावी तसा बोर्ड खाली घसरतो.

पण इथे एक गंमत आहे. समजा वारा ताशी २० किलोमीटर आहे आणि मागून येतोय. लाटेवर तुम्ही ताशी १५ने सरळ किनाऱ्याकडे निघालात, तर शिडाला जाणवणारा वारा उरतो फक्त ५चा. शीड ढिलं पडतं, तोल जातो. तोच वारा बाजूने आला तर? तुमचा वेग आणि वारा मिळून शिडाला साधारण २५चा वारा जाणवतो. म्हणून जाणकार लाटेवरून सरळ खाली येत नाहीत, लाटेच्या अंगावरून तिरके जातात.

मग करतात काय?

• मोठा बोर्ड घेतात. १ लिटर आकारमानाचा बोर्ड साधारण १ किलो वजन तरंगवतो. खेळाडू ७० किलोचा आणि सामान १५ किलोचं असेल, तर ८५ लिटरचा बोर्ड थांबल्यावर पाण्यात बसतो. म्हणून १०० लिटरच्या वरचा लागतो.

• आत जाताना वाट पाहतात. मोठ्या लाटा गटाने येतात. दोन गटांमधल्या शांत वेळात, बोर्डाचं टोक लाटेला सरळ ठेवून फुटणारा पट्टा ओलांडतात.

• लाट लवकर पकडतात. लाट फुटायच्या आधीच शीड पंख्यासारखं स्वतःकडे ओढत वेग वाढवतात. लाट पायाखाली आली की ओढणं थांबवून शीड नुसतं धरून ठेवतात.

खरा धोका कुठे आहे?

मंद वारा म्हणजे सुरक्षित, हा समज सगळ्यात महागात पडतो. जोराच्या वाऱ्यात पडलात तर तोच वारा शीड उचलायला मदत करतो. मंद वाऱ्यात लाटांच्या पट्ट्यात पडलात, तर शीड उचलेपर्यंत पुढची लाट डोक्यावर असते आणि पळायला वेग नसतो.

दुसरा धोका शाळेच्या भूगोलातला. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. सकाळचा मंद मतलई वारा किनाऱ्यावर जाणवतही नाही, पण तो नवख्या माणसाला हळूहळू आत नेतो. परतायला वारा पुरत नाही. अशा वेळी नियम एकच: बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. बोर्ड तरंगतो आणि शोधणाऱ्यांना तो आधी दिसतो.

रहिमतपूरपासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. सुट्टीत घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात जाणारे आपल्यातले बरेच जण नदी-विहिरीत पोहायला शिकलेले असतात. पण विहिरीत लाट नसते. शिकायचंच असेल तर प्रशिक्षकासोबत, लाइफ जॅकेट घालून, आधी सपाट पाण्यात शिका. पावसाळ्यात समुद्रात उतरू नका. आणि समुद्रात कुणी अडकलेलं दिसलं, तर मोबाइलवर शूटिंग करण्याआधी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा.

पठारावर वारा पडला की पवनचक्की थांबते. समुद्रात वारा पडला तरी लाट थांबत नाही. मजा त्यातच आहे आणि धोकाही त्यातच.