सुई पाठीवर, दमा छातीत

उन्हाळ्याच्या शेवटाला कर्जत-खालापूरच्या शेतांतून राब भाजायला घेतात. शेण, टहाळ, पातेरा आणि वरून मातीचा थर रचून आग लावली की ती दिवसभर धुमसत राहते. मग पाऊस येतो, भिंतींना ओल धरते आणि कोपऱ्यांत बुरशी चढते. दिवाळीच्या आसपास भाताची झोडणी होते, तेव्हा तुसाची धूळ आणि फटाक्यांचा धूर एकदमच येतात. खोपोलीकडे कारखाने आहेत, बोरघाट चढणाऱ्या ट्रकांची रांग आहे, आणि आतल्या वाड्यांवर अजूनही चूल पेटते. धूर, धूळ आणि बुरशी या तिन्हींनी दमा चाळवतो, म्हणून इथल्या दमेकऱ्याला वर्षातला निर्धास्त म्हणावा असा महिना शोधावाच लागतो.

या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ असतात. ‘पंप घेऊ नकोस, सवय लागते,’ हा त्यातला सर्वांत ठरलेला. त्याच्या जोडीने काढा येतो, कुठलंसं गुणाचं पान येतं, आणि अलीकडे अ‍ॅक्युपंक्चरही येतं. ‘सुया टोचल्या की छाती मोकळी होते’ या म्हणण्याला शरीररचनेचा आधार किती, एवढाच प्रश्न इथे तपासायचा आहे.

चीनहून कोलकात्यामार्गे

अ‍ॅक्युपंक्चर भारतात रुजलं त्या कथेच्या सुरुवातीला मराठी माणसं आहेत. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. सुयांची विद्या मात्र त्यांनी आणली नाही. पथकातलेच बंगाली डॉक्टर बिजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ती शिकले आणि कोलकात्यात तिचा प्रसार केला. पुढे महाराष्ट्राने तिच्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. ‘महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५’ असं त्याचं नाव असून त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची आणि परिषदेची तरतूद आहे.

तिसऱ्या मणक्याशेजारी

दम्यासाठी सुई कुठे टोचतात? मान पुढे झुकवा. पाठीच्या सुरुवातीला एक टेंगूळ बोटाला लागतं, तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. तिथून खाली तीन मणके मोजा. खांद्याच्या पात्याचा आडवा उंचवटा जिथे आतल्या बाजूला संपतो, साधारण त्याच पातळीवर छातीचा तिसरा मणका येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेपासून दोन बोटांवर, ‘फेइशू’ हा बिंदू आहे. चिनी परंपरेत तो फुप्फुसाचा मानतात. मानेच्या सातव्या मणक्याला लागून ‘डिंगच्वान’ आहे. त्याशिवाय छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळग्यात, मनगटाजवळ आणि गुडघ्याखाली असे आणखी काही बिंदू घेतात.

इथे शरीररचना थोडी साथ देते. फेइशूच्या खाली कातडी, मग स्नायूंचे थर, आणि त्यांत छातीच्या वरच्या मज्जातंतूंच्या शाखा आहेत. फुप्फुसांना जाणारे अनुकंपी (सिम्पथेटिक) तंतूही मज्जारज्जूच्या छातीतल्या पहिल्या चार-पाच खंडांतूनच निघतात. म्हणजे पाठीवरच्या सुईची वर्दी आणि फुप्फुसाचा कारभार एकाच मजल्यावर येऊन भेटतात. त्वचेला किंवा स्नायूला डिवचलं की मज्जारज्जूमार्गे आतल्या अवयवाचं काम बदलू शकतं, हे जपानी संशोधक अकिओ सातो यांच्या गटाने उंदरांच्या जठरावर आणि मूत्राशयावर प्रयोग करून दाखवलं आहे. सुई टोचल्यावर जी जड, बोथट कळ जाणवते, ती याच संवेदी तंतूंची.

पण श्वासनलिका आवळण्याचा मज्जातंतूंचा हुकूम येतो तो प्रामुख्याने व्हेगस नसेतून. ही नस मेंदूच्या तळातून निघते आणि मानेतून खाली उतरते, तिसऱ्या मणक्याशी तिचा संबंध येत नाही. माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूंपर्यंत अनुकंपी तंतू फारच थोडे पोचतात. त्या स्नायूंना सैल करतं ते रक्तातून येणारं अ‍ॅड्रिनॅलिन, आणि पंपातलं साल्ब्युटॅमॉल त्याच कुलपाला लागतं. शिवाय दमा म्हणजे नुसतं आवळणं नव्हे. नळीच्या आतल्या अस्तराला सूज असते, इओसिनोफिल पेशी गोळा झालेल्या असतात, चिकट कफ साचलेला असतो. पाठीवरून गेलेल्या क्षणिक वर्दीने ही सूज कशी उतरावी, याचं उत्तर त्या खंडांच्या जुळणीत नाही.

अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने सगळ्यात वजनदार पुरावा २०२१ साली ‘नेचर’मध्ये आला. किउफू मा यांच्या गटाने उंदरांच्या मागच्या पायात, गुडघ्याखालच्या बिंदूवर, सौम्य वीजप्रवाह दिला. तिथल्या खोल आवरणांतल्या विशिष्ट तंतूंमार्फत व्हेगस नस जागी झाली, अधिवृक्क ग्रंथी कामाला लागली आणि शरीरभर पसरलेला दाह कमी झाला. तोच प्रवाह पोटावर दिल्यावर हा मार्ग जागा झाला नाही. म्हणजे ‘कुठेही टोचा, सारखंच’ असं म्हणता येत नाही. मात्र तो दाह जिवाणूंच्या विषाने घडवलेला होता, दम्याचा नव्हे. आणि उंदीर तो उंदीरच.

बरं वाटणं आणि बरं होणं

माणसांवर काय दिसलं? २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला. ३९ दमेकऱ्यांवर तो पूर्ण झाला. प्रत्येकाला आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप आणि कातडीत न शिरणाऱ्या सुयांचं लुटुपुटीचं अ‍ॅक्युपंक्चर दिलं, आणि चौथ्या खेपेला काहीच दिलं नाही. एका सेकंदात जोराने बाहेर फेकलेली हवा मोजली, तेव्हा खऱ्या पंपाने ती सुमारे २० टक्के वाढली, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के. मग रुग्णांना विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या पंपाने ५० टक्के, पोकळ पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६ आणि नुसतं बसून २१ टक्के.

खोट्या सुयांनी रुग्णाला खऱ्या पंपाइतकंच बरं वाटलं आणि नळ्या मात्र जवळपास होत्या तशाच राहिल्या. दम्यात घात होतो तो याच फटीत.

जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्या रुग्णांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य झालं. त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय सुईचं की तिच्यासोबत मिळालेल्या वेळेचं आणि आस्थेचं, हे सांगता येत नाही. १२ छोट्या चाचण्यांतल्या सुमारे ३५० रुग्णांचा आढावा घेणाऱ्या, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालानेही पुरावा अपुरा ठरवला.

आणि सुई अगदीच निरुपद्रवी नाही. सडपातळ माणसाच्या पाठीवर काही ठिकाणी कातडीपासून फुप्फुसाचं आवरण जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असतं, म्हणून जाणकार सुई तिरपी धरतो. सरळ खोल गेली तर हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस मिटतं. छातीच्या मधल्या हाडात शंभरात पाच-आठ जणांना जन्मजात भोक असतं आणि त्याच्या मागे हृदय. अशा भोकातून सुई गेल्याने मृत्यू झाल्याचीही नोंद आहे.

तेव्हा सुया घ्यायच्याच असतील तर व्यावसायिकाची नोंदणी पाहावी, सुई नवी आहे ना ते पाहावं, आणि आपला पंप बंद करू नये. पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटॅमॉल असतं १०० मायक्रोग्रॅम, चार मिलिग्रॅमच्या गोळीचा चाळिसावा भाग, तेही थेट नळीत. सवयीची भीती घालणाऱ्याला हा आकडा सांगावा. सूज उतरवणारा, स्टेरॉइडचा पंपही डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावा. नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर भागवू नये, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही २०१९पासून सांगत आहेत.

सुईने गुण आला का, हे फुंकून पाहण्याच्या पीक-फ्लो मीटरला विचारावं. सुया घेण्याआधी आणि नंतर काही आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. आकडा चढला तर उत्तम, नाही चढला तर वाटलेला आराम तेवढ्यापुरता समजावा. आणि एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंप घेऊनही धाप ओसरेना, तर सुई, काढा, वाफारा सगळं बाजूला ठेवून १०८ला फोन करावा. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतून पावसाळी रस्त्याने दवाखाना गाठायला लागणारा वेळ ‘जरा बरं वाटतंय’ या भरवशावर घालवण्यासारखा नसतो.