काच कुणी उघडली?

लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच. अशा पावसात अंगणातल्या गाडीच्या चारही काचा रात्रभर खाली राहिल्या तर काय होतं, ते मावळातल्या बायकांना सांगायला नको. सीट चिंब, पायाखाली तळं, दोन दिवसांत कुबट वास. आणि घरात एकच प्रश्न, ‘काल शेवटी गाडी कुणी लावली?’

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीला त्यावरून ‘वय झालं हो आता तुझं’ इथपर्यंत ऐकावं लागलं. काचा लावल्या होत्या असं ती शपथेवर सांगत होती. आठवड्याने पुन्हा तेच! बिचारीला स्वतःचीच शंका यायला लागली.

काचा तिने लावल्याच होत्या. उघडल्या त्या तिच्या पर्सने. मैत्रिणींनो, बऱ्याच गाड्यांच्या रिमोट किल्लीत एक सोय असते. दार उघडायचं बटण दाबून धरलं की सगळ्या काचा खाली येतात. उन्हात तापलेल्या गाडीतली गरम हवा आधी निघून जावी म्हणून ही सोय. मे महिन्यात छानच, पण पर्समध्ये डबा, छत्री, पाण्याची बाटली यांच्याखाली ते बटण दाबलं गेलं तर खोलीत बसल्या बसल्या बाहेरची गाडी उघडी! जास्तीची किल्लीही विसरू नका. ती कपाटात कशाखाली तरी दबलेली असते.

तेव्हा दोन्ही किल्ल्या काही दिवस खुंटीला मोकळ्या टांगून ठेवा. काचा खाली येणं थांबलं तर दोष गाडीचा नाही. ही सोय काही गाड्यांत पडद्यावरच्या सेटिंगमधून बंद करता येते, काहींत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी लागते. गाडीसोबतचं पुस्तक एकदा उघडून बघा. (कपाटातून बाहेर काढतं कोण ते!)

तरीही काचा उघडल्याच, तर मात्र मेकॅनिकला दाखवा. ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणांत पाणी किंवा ओल शिरली, दारातली वायर घासून उघडी पडली, नाहीतर बाहेरून बसवलेल्या लॉकच्या जोडणीत गडबड असली, तरी असं होऊ शकतं. दुरुस्ती होईपर्यंत काचा वर करून पॉवर विंडोचा फ्यूज काढून द्यायला सांगा. काच वर जाऊन लगेच आपोआप खाली येत असेल, तर ते प्रकरण वेगळं. खाचेतल्या रबरात माती अडकली की हात सापडला असं समजून ती मागे फिरते.

भिजलेली गाडी मात्र तशीच बंद ठेवू नका. पायपुसणी बाहेर काढा, गालिच्यावर वर्तमानपत्रं दाबून पाणी टिपा आणि गाडी आडोशाला लावून, दारं उघडी टाकून टेबलफॅन लावा. आपल्याकडे जुलैत उन्हाची वाट बघण्यात अर्थ नसतो.