अळंबीची ओळख : नवशिक्याला रानात नेताना

मृगाच्या सरींनी जमीन पुरती भिजली, मध्ये उघडीप पडून ऊन तापले, की कोकणपट्टीतील जाणती माणसे वारुळांच्या वाटेला लागतात. वर्षातून थोडेच दिवस मिळणारी अळंबी हे तेथील घराघरांतले आवडते अन्न होय. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ठाकूर, कातकरी कुटुंबांना तिच्या विक्रीतून ऐन पावसाळ्यात चार पैसेही मिळतात.

घाटकोपर हे आज मुंबईचे दाट वस्तीचे उपनगर आहे. तेथे वारुळांचे माळ उरलेले नाहीत. परंतु तेथून मध्य रेल्वेने कसारा वा कर्जतच्या दिशेने गेले असता दोन तासांच्या आत रान लागते. शिवाय तेथील कित्येक कुटुंबांची मूळ गावे कोकणात आहेत. अशा घरातील तरुण पावसाळ्यात गावी येतो आणि जाणत्याच्या मागे अळंबी काढावयास निघतो. त्याला काय शिकवावे व काय करू देऊ नये, हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण येथे चूक झाल्यास जिवावर बेतते.

वाळवीची शेती

वारुळावरील अळंबी ही एका अर्थाने वाळवीने केलेल्या शेतीचे फळ आहे. कामकरी वाळवी वाळलेले गवत, पालापाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेपासून वारुळात पोळ्यासारखी रचना तयार करते. त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढते. ही बुरशी काष्ठमय भाग कुजवून मऊ करते व वाळवी तो खाते. पावसाचे पाणी मुरले, की याच बुरशीला जमिनीवर छत्र्या येतात. म्हणून या अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा निमुळता होत खोल पोळ्यापर्यंत गेलेला असतो. तळकोकणात व गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, आणि तेथील अळंबीही त्याच नावाने ओळखली जाते.

एकच जात, पण पुरती

नवशिक्याला पहिल्या वर्षी दहा जाती दाखवू नयेत. ही एकच जात मुळापासून शेंड्यापर्यंत ओळखावयास शिकवावी आणि बाकी सर्व सोडून द्यावयास लावावे.

नवशिक्या हटकून करतो ती गोष्ट म्हणजे छत्री वरच्या वर खुडणे. हीच सर्वांत धोक्याची होय. अनेक अतिविषारी छत्र्यांच्या देठाच्या बुडाशी पिशवी किंवा वाटी असते. ती मातीत दडलेली राहते. वरून खुडणाऱ्याच्या हाती छत्री येते, आणि विषाची खूण जमिनीतच राहून जाते. यासाठी पहिल्या छत्रीभोवतीची माती बारीक काडीने वीतभर उकरून देठाचे बूड पाहावे. देठ मुळासारखा खाली गेलेला दिसला पाहिजे. पिशवी, वाटी किंवा गाठीसारखे बूड दिसल्यास ती टोपलीत घालू नये. छत्रीचा मध्य बहुधा टोकदार असतो व खालचे कल्ले पांढरे, पुढे फिकट गुलाबी होतात.

घरी आल्यावर छत्रीचा देठ काढून ती कल्ल्यांच्या बाजूने कागदावर पालथी ठेवावी व वर वाडगे झाकावे. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर येतो. मात्र गुलाबी ठशाच्या काही छत्र्या विषारीही असतात. सबब ही एकच खूण पुरेशी मानू नये. सर्व खुणा जुळल्या आणि जाणत्याने होकार दिला, तरच अळंबी शिजवावी. तीही भरपूर शिजवावी, आणि एक छत्री न शिजवता वेगळी ठेवावी.

हिरवळीवरील पांढरी छत्री

रानातून परतलेल्या नवशिक्याला घाटकोपरात दुसरा मोह पडतो. पावसाळ्यात बागांतील व सोसायट्यांतील हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या, तपकिरी खवल्यांच्या छत्र्या उगवू शकतात. त्यांतील एका जातीचे कल्ले कोवळेपणी पांढरे असतात व पुढे हिरवट होतात. ठसाही हिरवा येतो. ती खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब होतात. वारूळ नाही तेथे वारुळाची अळंबी नाही, हे नवशिक्याने पक्के लक्षात ठेवावे.

घातक समजुती

चांदीचे नाणे काळे पडले तर विष, लसूण काळा पडला तर विष, किड्यांनी खाल्लेली छत्री निर्धोक, या सर्व समजुती निराधार आहेत. सर्वांत प्राणघातक विष शिजवल्याने किंवा वाळवल्याने नाहीसे होत नाही.

या विषाची लक्षणे साधारणतः सहा ते चोवीस तासांनी दिसतात. उलट्या-जुलाबांनंतर रोग्याला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात, आणि याच काळात यकृताचा नाश चालू असतो. म्हणून बरे वाटण्याची वाट पाहू नये. खाल्लेल्या सर्वांना तत्काळ रुग्णालयात न्यावे. गावी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाटकोपरात महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्यावी.

वारूळ राखावे

ही अळंबी व्यापारी लागवडीत अद्याप आलेली नाही. वारूळ फोडले की पुढील वर्षांचे पीक गेले. काही छत्र्या उमलू द्याव्यात, म्हणजे बीजाणू पसरतात. मुंबईजवळचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मात्र वर्ज्य समजावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यास मनाई आहे. इतर वनांत गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व पारंपरिक वननिवासींना दिलेला आहे, याचाही पाहुण्याने मान राखावा.

ज्याला अळंबी हवी, पण जाणता सोबती नाही, त्याने भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी लावावी. ती महिन्याभरात काढणीस येते. रानात मात्र जाणत्यावाचून पाऊल टाकू नये, आणि शंका आली की छत्री जागीच सोडावी.