ड्रममधला क्रोम गटारात का घालवायचा?

बकरी ईदच्या संध्याकाळपासून पुढचे तीन-चार दिवस कातड्यांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मीठ लावून रचलेली कातडी चेन्नई आणि कानपूरकडे रवाना होतात. धारावीतला कारागीर ज्या चामड्याची पाकिटे, पट्टे आणि बॅगा शिवतो, ते कमावलेले चामडे पुष्कळदा याच दोन बाजूंनी परत येते. मधल्या टप्प्यावर, म्हणजे टॅनरीत काय घडते, याची चौकशी आपले व्यापारी बंधू क्वचितच करतात. आमच्या मते ती केली पाहिजे, कारण परदेशी गिऱ्हाईक टिकणार की जाणार हे आता तिथेच ठरते.

हिशेब सरळ आहे. क्रोम पद्धतीने कातडे कमावताना ड्रममध्ये जो क्रोम घातला जातो, त्यातला साधारण साठ ते सत्तर टक्केच कातड्यात मुरतो. बाकीचा पाण्याबरोबर वाहून जातो. विकत घेतलेला तीस टक्क्यांहून अधिक माल कोणता व्यापारी स्वतःच्या हाताने गटारात ओतेल? टॅनरीवाले वर्षानुवर्षे तेच करीत आले. गटारातून तो क्रोम नदीत गेला, शेतात गेला, आणि मग प्रकरण कोर्टात गेले. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने कानपूरच्या जाजमऊ भागातील, पाणी शुद्ध करण्याची किमान व्यवस्थाही नसलेल्या टॅनऱ्या बंद करण्याचा हुकूम दिला. ऑगस्ट १९९६ मध्ये तमिळनाडूच्या टॅनऱ्यांवर प्रत्येकी दहा हजार रुपयांचा दंड बसला. वाणियमबाडी, आंबूर, राणीपेठ या गावांत मुस्लिम कारखानदारांची मोठी संख्या. तेव्हा हा फटका कोणाला बसला हे वेगळे सांगायला नको.

परदेशी मदत आली ती याच काळात. जाजमऊला हॉलंड सरकारच्या साहाय्याने १९८९ मध्ये लहान प्रायोगिक केंद्र आणि १९९४ मध्ये रोज ३६० लाख लिटर पाणी शुद्ध करणारे मोठे केंद्र उभे राहिले. टॅनरीचे पाणी एक भाग आणि शहराचे सांडपाणी तीन भाग, असे त्याचे गणित होते. दक्षिणेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या औद्योगिक विकास संघटनेने (युनिडो) चेन्नईतून आशियातील अनेक देशांच्या टॅनऱ्यांसाठी कार्यक्रम चालविला. तिथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा अनुभव हाताशी होताच.

क्रोम परत मिळविण्याची रीत कोणाही कारखानदाराला समजेल अशी आहे. ड्रममधले वापरलेले पाणी इतर पाण्यात मिसळू न देता वेगळे काढायचे आणि गाळून टाकीत घ्यायचे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घातले की क्रोमचा गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी काढून टाकायचे, गाळात गंधकाम्ल घालायचे, आणि तोच क्रोम नव्या क्रोमबरोबर पुन्हा ड्रममध्ये वापरायचा. मिठाचे त्याहून सोपे आहे. कातडे भिजवण्यापूर्वी लाकडी चौकटीवर झटकले की सुटे मीठ खाली पडते, आणि तेवढे मीठ पाण्यात जाण्याचे वाचते. याला मोठे भांडवल लागत नाही, थोडी मजुरी लागते.

मग घोडे अडले कुठे? मदत देणारा यंत्र देतो, इंजिनिअर देतो. वीज, रसायने आणि रोजचा खर्च मात्र स्थानिक लोकांच्याच माथी. जाजमऊत टॅनऱ्यांचे पाणी ठरल्यापेक्षा जास्त आले, अनेकांनी क्रोम वेगळा काढलाच नाही, त्यात विजेची रड. त्या केंद्राचे पाणी शेतीला दिले गेले आणि आसपासच्या गावांतील शेतकरी जमीन बिघडल्याच्या तक्रारी करू लागले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तमिळनाडूत पुढे याहून महाग यंत्रणा बसल्या. पाणी गाळून पुन्हा टॅनरीत वापरले जाऊ लागले, ही मोठीच गोष्ट. पण शेवटी उरणाऱ्या मिश्र मिठाला गिऱ्हाईक नाही, त्याचे ढीग आवारात साचले. म्हणजे चक्र बहुतांशी फिरले, पण पुरे झाले नाही.

लहान टॅनरीवाल्याची अडचण आम्ही जाणतो. रोज दोन ड्रम चालविणाऱ्याने स्वतःचे क्रोमचे केंद्र उभारावे, असे म्हणणे म्हणजे टपरीवाल्याला गोदाम बांधायला सांगण्यासारखे आहे. तिथे दहा-वीस जणांनी मिळून एक सामाईक केंद्र चालविणे एवढाच मार्ग दिसतो. संघटना लायसन्ससाठी एकत्र येतात, यासाठी का येऊ नयेत?

आता धारावीच्या कारागिराचा यात काय संबंध? १ मे २०१५ पासून युरोपीय संघात अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्संयुजी क्रोम किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळला तर तो माल बाजारात ठेवता येत नाही. हा घातक क्रोम टॅनरीतल्या साध्या क्रोमपासूनच, कमावताना वा साठवताना काळजी न घेतल्यास तयार होतो. (कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.) माल परत आला तर नुकसान शिवणाऱ्याचे आणि पाठविणाऱ्याचे होते, टॅनरीवाल्याचे पैसे तर आधीच चुकते झालेले असतात. म्हणून निर्यातीसाठी चामडे घेताना प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागावा, आणि टॅनरी आपल्या क्रोमच्या पाण्याचे काय करते हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.