‘काही सापडले नाही’ म्हणजे काय?

जुन्या कचेरीत एखादा कागद मागावा आणि दफ्तरदाराने नुसती मान हलवावी, तेव्हा तो कागद दफ्तरी दाखलच झालेला नाही, की ज्या कपाटात तो आहे त्याची किल्ली या गृहस्थांपाशी नाही, हा प्रश्न मुरलेला पक्षकार हटकून विचारतो. नवख्याला मात्र तो सुचत नाही, आणि तो मुकाट्याने घरची वाट धरतो. संगणकाच्या कोडभांडारात शोध घेणाऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’ नामक प्रणालीची गत पुष्कळदा या नवख्यासारखी होते, आणि त्याचा दोष तिच्या बुद्धीपेक्षा तिच्या हाती दिलेल्या साधनांच्या माहितीपत्रकाकडे अधिक जातो, असे माझे मत आहे.

कोड धुंडाळण्याच्या साधनांत ‘ग्रेप’ हे सर्वांत ख्यातनाम. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी ते लिहिले, १९७३ मध्ये युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या नियमपुस्तिकेत त्याची नोंद झाली, आणि ‘एड’ नावाच्या तत्कालीन मजकूर-संपादन साधनातील एका आज्ञेच्या अक्षरांवरून त्याचे नामकरण झाले. दिलेला नमुना एकाही ओळीत न आढळल्यास हे साधन पडद्यावर एक अक्षरही उमटवीत नाही. पडद्याआड तेवढा १ हा अंक ठेवून ते निघून जाते, आणि काही बिघाड झाला असल्यास तो अंक २ असतो. ही मितभाषिता युनिक्सच्या कुळाचाराला धरूनच आहे, आणि समोर बसलेल्या मनुष्याला ती खटकतही नाही, कारण आपण कोणत्या फोल्डरात उभे आहोत आणि शब्द कसा टंकला, हे त्याच्या ध्यानात असते. पुढे २०१६ मध्ये अँड्र्यू गॅलंट यांचे ‘रिपग्रेप’ आले. ते अतिशय वेगवान आहे. परंतु ‘गिट’ या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीने दुर्लक्षावयाच्या म्हणून नेमून दिलेल्या फाइली, लपविलेल्या फाइली आणि बायनरी फाइली ते निराळा हुकूम दिल्यावाचून शोधात धरत नाही. म्हणजे येथे ‘सापडले नाही’ याचा अर्थ कित्येकदा ‘पाहिलेच नाही’ एवढाच असतो.

आता एजंटाचा विचार करू. त्याच्या मुळाशी एक भाषा-मॉडेल असते. ते एक साधन चालवते, आलेले उत्तर वाचते, त्यावरून पुढचे पाऊल ठरवते, आणि हे चक्र काम संपेपर्यंत चालू राहते. ग्रेपविषयी त्याने आपल्या शिक्षणकाळात विपुल वाचलेले असते. परंतु एखाद्या कंपनीने केवळ स्वतःपुरते घडविलेल्या शोधसाधनाविषयी, त्याच्यासमोर ठेवलेल्या चार-सहा ओळींच्या वर्णनापलीकडे, त्याला आरंभी काहीही ठाऊक नसते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला विचारून घेण्याची, किंवा मागल्या वेळी काय घडले ते आठवण्याची सोयही त्याला सहसा नसते. म्हणून माणसाच्या दृष्टीने जे माहितीपत्रक केवळ सोबतीचे असते, ते एजंटाच्या दृष्टीने प्रत्यक्ष साधनच होऊन बसते.

प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ ही प्रणाली सिद्ध केली, तेव्हाचा एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. प्रत्यक्ष प्रकल्पांतून वेचलेल्या ३०० दोषांच्या संचावर त्यांनी शोधसाधनाची निरनिराळी रूपे तपासली. सर्व निकाल थोडक्यात एकत्र मांडणारे साधन दिले असता १८ टक्के दोष सुटले. शोधसाधन मुळीच न दिले तेव्हा १५.७ टक्के, आणि एकामागून एक निकाल दाखविणारे, मनुष्याच्या सवयीचे साधन दिले तेव्हा अवघे १२ टक्के! ‘पुढचा निकाल’ म्हणत एजंट शेवटच्या निकालापर्यंत जात राहिला आणि त्यातच त्याची शिदोरी संपली. अयोग्य साधनापेक्षा साधन नसणे बरे, हा निष्कर्ष मला तरी अनपेक्षित होता. म्हणूनच त्यांच्या साधनाने ५० हून अधिक निकाल आल्यास ते दाखविण्याचे नाकारून शोध अधिक नेमका करण्याची सूचना दिली. आणि एखाद्या आज्ञेचे उत्तर रिकामे आल्यास, आज्ञा सुरळीत पार पडली पण काही निष्पन्न झाले नाही, असे स्वच्छ शब्दांत कळविण्याची तजवीज केली. ग्रेपचे मौन त्यांनी असे मोडले.

शोधसाधने दोन जातींची असतात, आणि आपले साधन कोणत्या जातीचे, हेही त्याच्या वर्णनात यावयास हवे. ग्रेप अक्षरे जुळवते. ‘सेव्ह’ हे फंक्शन शोधू जाता टिपणांतला आणि संदेशांतला प्रत्येक ‘सेव्ह’ ते पुढे ओतते. उलट, मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’वर चालणारी साधने व्याख्या कोठे आणि वापर कोठे हे अर्थावरून सांगू शकतात, पण ज्या भाषेचा सर्व्हर बसविलेला नाही तेथे ती निरुपयोगी ठरतात. कोणत्या प्रसंगी हे साधन वापरू नये, एवढे एक वाक्य अशा ठिकाणी स्तुतीच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचे ठरते. आणि नेमके तेच लिहिण्याचा कंटाळा सर्वत्र दिसतो.

उलट, नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या नियमपुस्तिकेत आज्ञेची माहिती देताना ‘बग्ज’ असे एक सदर असे, आणि त्यात कर्तेच आपल्या साधनाच्या उणिवा निःसंकोच नोंदवीत. एजंटांना साधने जोडून देण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये मात्र साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा आराखडा यांसाठी जागा आहे, उणिवांसाठी स्वतंत्र रकाना नाही, त्या वर्णनातच घालाव्या लागतात.