मे महिन्यातल्या सुरळ्या

रात्री जाळीवर वाळत टाकलेल्या ८ प्रिंट्स सकाळी ८ सुरळ्या होऊन पडल्या होत्या. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरचे पापड कडेनं उचलतात, तिथे या बिचाऱ्या काय टिकणार? मोहर्लीच्या रस्त्यावर टिपलेला निष्पर्ण मोह तर आतल्या आत इतका गुंडाळला होता, की पाठीवरून कुठली प्रिंट ते ओळखू येईना.

फायबर बेस कागदाची ही खोड त्याच्या घडणीतच आहे. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर, म्हणजे बॅराइटा, आणि वर चांदीचे कण धरून ठेवणारं जिलेटिन. हे जिलेटिन पाण्यात फुगतं आणि वाळताना कागदापेक्षा जास्त आखडतं. मग कागद मुकाट्यानं त्याच्यामागे जातो. रेझिन कोटेड कागदाला दोन्ही अंगांनी प्लॅस्टिकचं अस्तर, म्हणून तो शहाण्यासारखा सपाट राहतो. पण बॅराइटावरच्या काळ्याची खोली त्यात मला कधी सापडली नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी घाई केली होती. कोरडीठाक प्रिंट टेबलाच्या कडेवरून उलटी ओढली. बारीक चर्र झालं आणि ताडोबाच्या तळ्यावरच्या आकाशात केसाएवढ्या भेगांची जाळी उमटली.

आता आधी ओल परत देतो. त्यासाठी कूलरची खोली आहेच. वाऱ्याच्या झोतापासून दूर, खाटेवर सुरळ्या ठेवायच्या. दुपारपर्यंत त्या आपसूक सैलावतात. मग पाठीवरून घट्ट पिळलेला स्पंज फिरवायचा, चित्राला पाणी लागू न देता. कितपत ओल पुरे, हे कानाला कळतं: कोरडी प्रिंट हलवली की खडखडते, तयार झालेली गप्प असते. गप्प झाली, पण चित्राची बाजू बोटाला चिकटत नाही, की दोन टीपकागदांच्या मध्ये घालून वर काच आणि वजन. दुसऱ्या दिवशी टीपकागद बदलायचे, नाहीतर शोषलेली ओल तिथंच मुरते.

एखादा कोपरा हटूनच बसला तर इस्त्री, अगदी मंद, बटर पेपर ठेवून पाठीकडून. आणि गरम असतानाच पुन्हा वजनाखाली, कारण मोकळ्यावर निवली की केलेलं सगळं वाया. पावसाळ्यात मात्र स्पंजला हात लावत नाही. हवेतच एवढा दमटपणा असतो, की एका जुलैत टीपकागदाचे तंतू चित्रावर कायमचे बसले.

वजन म्हणून मी घरचा पाटा वापरायचो. यंदा तिसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून त्याची मागणी आली, चटणी वाटायची होती. मग माळ्यावरून ए-फोर कागदाची दोन रिमं काढली, बल्लारपूरच्या गिरणीची. ८ बाय १० इंचांची प्रिंट त्यांखाली बरोबर झाकली जाते. ज्या गिरणीनं गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागदात घातला, तिचा कागद आता माझ्या मोहावर बसलाय. तीन कोपरे बसले. चौथ्याखाली अजून नख जातं.