वारस जन्मला म्हणून खातेदार मयत होत नाही

कॅनॉट प्लेसच्या पोटात, जमिनीखाली पसरलेल्या पालिका बाजारात व्हिडिओ गेमच्या दुकानांपुढे उभे राहिले असता, अथवा नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांतील गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर पालकांच्या घोळक्यात बसले असता, एकच विधान मी इतक्या वेळा आणि इतक्या निःशंक स्वरात ऐकले आहे, की त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे मला कर्तव्य वाटू लागले आहे. निन्टेन्डो स्विच २ हे यंत्र ५ जून २०२५ रोजी बाजारात आले, सबब २०१७ सालचे मूळ स्विच निकामी झाले, त्याचे खेळ आता निघणार नाहीत आणि ते घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे ते विधान होय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हात धरून, बेताच्या किमतीत वापरलेले स्विच मागावयास आलेल्या एका बाईंना एका विक्रेत्याने ‘ये तो अब डेड माल है’ असे माझ्यादेखत सांगितले, आणि ऐपतीबाहेरच्या किमतीचे आकडे ऐकून त्या माउली मुलासह रिकाम्या हाताने परत गेल्या, तेव्हा मला मनस्वी संताप आला.

वारसाचा जन्म झाला म्हणून सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावापुढे ‘मयत’ असा शेरा कोणताही तलाठी मारीत नाही. हातात धरून खेळण्याच्या यंत्रांचा इतिहास तपासला, तर तेथेही हीच वहिवाट दिसते. निन्टेन्डोचे डीएस २००४ च्या अखेरीस आले. त्यानंतर २००५ साली त्याच कंपनीने मागच्या पिढीचे, गेम बॉय मायक्रो नावाचे, नवे यंत्र विक्रीस काढले. डीएसचे वारस थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात अवतरले. तरी पोकेमॉन मालिकेतील ब्लॅक २ आणि व्हाइट २ हे खेळ जून २०१२ मध्ये प्रकाशित झाले ते जुन्या डीएससाठी. स्वतः स्विच मार्च २०१७ मध्ये आले, आणि त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, थ्रीडीएसच्या कुळातील न्यू टूडीएस एक्सएल बाजारात दाखल झाले. त्या घराण्याचे उत्पादन थांबण्यास सप्टेंबर २०२० उजाडला. आता वादात असलेल्या मूळ स्विचविषयीच बोलावयाचे, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए हा खेळ दोन्ही यंत्रांसाठी निघाला. मारिओ कार्ट वर्ल्डसारखे काही खेळ केवळ नव्या यंत्रावर चालतात हे सत्य आहे आणि ते लपविण्याचे मला कारण नाही. पण काही खेळ न मिळणे वेगळे आणि यंत्र मृत होणे वेगळे.

याचे कारण भावनिक नसून निव्वळ हिशेबाचे आहे. मूळ स्विच जगभर पंधरा कोटींहून अधिक विकले गेले आहे. जो व्यापारी खेळ लिहवून घेतो त्याला गिऱ्हाईक हवे असते, आणि नव्या यंत्राच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक बहुतांशी जुन्याच घरी नांदत असते. ते घर एका रात्रीत सोडून देणे कोणत्याही शहाण्या कारखानदारास परवडत नाही.

ज्यांना हे दाखले जपानचे म्हणून दूरचे वाटतील, त्यांच्यासाठी आपल्या घरचा दाखला देतो. सोनीचे पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानात आले आणि पुढे दिल्लीतल्या मुलांच्या दप्तरांतही जाऊन बसले. याच यंत्रावर आणि प्लेस्टेशन २ वर २००९ साली हैदराबादच्या गेमशास्त्र या संस्थेने ‘देसी अड्डा’ हा खेळ आणला, ज्यात कबड्डी होती, पतंग होते आणि आपला विटीदांडूही होता. डिसेंबर २०११ मध्ये पीएसपीचा वारस, म्हणजे व्हिटा, अवतरला. पालिका बाजारातल्या शहाणपणाप्रमाणे त्या दिवशी पीएसपीचे उत्तरकार्य उरकावयास हवे होते. प्रत्यक्षात ‘डॉन २’ या हिंदी चित्रपटावर आधारलेला, त्याच गेमशास्त्रने रचलेला खेळ २०१३ साली पीएसपीवर आला, आणि पीएसपीची रवानगी कंपनीने थांबविली ती २०१४ मध्ये. पीएसपीचे खेळ ज्या छोट्या तबकडीवर मिळत, ती घालण्यास व्हिटामध्ये जागाच नव्हती. ज्याच्या घरी वीस-पंचवीस तबकड्या साठल्या होत्या, त्याच्या लेखी वारस आल्याने जुन्या यंत्राची किंमत उतरण्याऐवजी चढली, कारण त्या मालमत्तेचा उपभोग घेण्याचे तेवढे एकच साधन उरले.

तेव्हा यंत्राचा मृत्यू म्हणजे नेमके काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. त्याच्या तारखा एक नसून तीन असतात, आणि त्या एकमेकींपासून वर्षानुवर्षे दूर असतात. नवे खेळ निघणे थांबते ती एक. कंपनीचे ऑनलाइन दुकान आणि जोडखेळाची व्यवस्था बंद होते ती दुसरी. बॅटरी, बटणे, पडदा यांचे सुटे भाग मिळेनासे होतात ती तिसरी. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले आणि ऑनलाइन खेळण्याची सोय ८ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे त्याचा वारस स्विच आल्यानंतर सात वर्षांनी. कॅसेट विकत घेतलेल्यास या फर्मानांचा फारसा उपद्रव होत नाही. जो सर्व काही डाउनलोडवर घेतो त्याला मात्र होतो, म्हणून जुने यंत्र घेणाऱ्याने शक्यतो कॅसेटच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वारसाच्या जन्मतारखेचा मात्र या तिन्हींपैकी एकीशीही थेट संबंध नाही.

या मुख्य भ्रमाच्या आश्रयाने वावरणारे काही किरकोळ भ्रमही आहेत. नव्या यंत्रावर जुने सारे चालतेच, हा त्यांतला एक. स्विच २ वर मूळ स्विचचे बहुतेक खेळ चालतात, पण व्हिटाचे उदाहरण वर आलेच आहे. अधिक सामर्थ्याचे यंत्रच टिकते, हा दुसरा. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा हिरवट आणि निष्प्रभ होता, तरी चार सेलांवर दहा तासांहून अधिक चालणाऱ्या त्या यंत्राने सहा सेल काही तासांत रिकामे करणाऱ्या रंगीत गेम गियरला मागे टाकले. परदेशी कॅसेट इथे चालत नाही, हे थ्रीडीएसबाबत खरे आहे, स्विच आणि पीएसपीच्या खेळांबाबत नाही. जुन्या गेम बॉय कॅसेटमध्ये जतन केलेला खेळ पुसला गेला म्हणजे कॅसेट बिघडली असे नव्हे; बहुधा आतला घड्याळाच्या सेलासारखा चपटा सेल संपलेला असतो आणि जाणकार कारागीर तो बदलून देतो. फुगलेली बॅटरी मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, आणि टोचून तर कधीच पाहू नये.

त्या बाई पुन्हा भेटल्या, तर त्यांना मी एवढेच सांगेन. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीस आणलेले नाही. बाजारातील माल आयातीचा असतो, म्हणून कंपनीच्या हमीवर विसंबू नका आणि दुकानातच यंत्र सुरू करून पाहा. दोन्ही बाजूंच्या, खेळातले पात्र हलविण्याच्या काड्यांना हात न लावता पडद्यावरचे चित्र आपोआप सरकते का, हे अवश्य तपासा, कारण तो या यंत्राचा जुना विकार आहे. मग यंत्र उलटे करून पाठीवरचा क्रमांक वाचा. नुसते एचएसी-००१ असेल तर ती पहिली आवृत्ती, जिची बॅटरी अडीच ते साडेसहा तास चालते. त्यापुढे कंसात उणे शून्य एक असे असेल तर ती २०१९ ची सुधारित आवृत्ती, जी साडेचार ते नऊ तास चालते. किमतीत फार अंतर नसेल, तर दुसरी मागून घ्या.